चार सेकंदांची हलगी कुणाची?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. वय २३. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मी दिवसा युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला असतो आणि रात्री लॅपटॉपवर बीट बनवतो. गेल्या वर्षी आजोबांच्या ट्रंकेत लोकगीतांची एक जुनी कॅसेट सापडली. तिच्यातला चार सेकंदांचा तुकडा मी उचलला. खाली हलगी आणि वर एका बाईंचा आवाज. तो लूप करून ट्रॅक बनवला. गणपतीत आमच्याकडच्या दोन-तीन मंडळांनी लेझीमला तो वाजवला, यूट्यूबवरही चांगला चालला. मग एक दिवस यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला आणि पैसे बंद झाले. दोन आठवड्यांनी एका माणसाने व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली : आमच्या गाण्याची चोरी केली आहे, ७५ हजार भरा, नाहीतर सात दिवसांत पोलीस केस. घरी आईला अजून सांगितलेलं नाही. मित्र म्हणतो, सात सेकंदांच्या आत घेतलं तर कायद्याने चालतं. कॅसेटची कंपनी तर कधीच बंद पडलीय. आणि वर माझीच बीट एका डीजेने स्वतःच्या नावाने टाकली आहे. बाहेर विणलेली चादर कुणी सोलापुरी म्हणून विकली की वडील चिडायचे, तेव्हा मला हसू यायचं. आता कळतं. पैसे भरू की सगळं डिलीट करू? क्लेमचा स्क्रीनशॉट, नोटीस आणि कॅसेटच्या कव्हरचा फोटो पाठवतोय.
– पूर्व भागातला बीटवाला

उत्तर :

अरे मित्रा,

आधी तातडीचं सांगते. त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नकोस. ट्रॅक डिलीट करू नकोस, नुसता प्रायव्हेट कर. म्हणजे तारखा, व्ह्यूज, कॉमेंट सगळं जागच्या जागी राहील, आणि नोटीस मिळाल्याबरोबर तू ट्रॅक थांबवलास हेही उद्या दाखवता येईल. व्हॉट्सॲपवरची ती नोटीस, पाठवणाऱ्याच्या नंबरासकट, जपून ठेव. आणि आज रात्री जेवताना आईला सांग. काहीतरी बिनसलंय हे तिला केव्हाच कळलेलं असणार. तिला कळत नाही ते इतकंच की किती बिनसलंय, आणि त्या न कळण्यात ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरत असेल.

आता नीट बोलू. तू पाठवलेलं सगळं मी दोन-दोनदा पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॅसेटच्या कव्हरवर. गायिकाबाईंचं नाव ठळक, फोटोसकट. त्याखाली 'गीत-संगीत : पारंपरिक'. मग बारीक अक्षरात ढोलकीवाल्याचं नाव आणि त्याच्यापुढे, जिथे कागदाला घडी पडते तिथे, 'व साथी'. संपलं. हलगीचा उल्लेखच नाही. तुझा अख्खा ट्रॅक ज्या हलगीवर उभा आहे, ती हलगी त्या 'साथी'त कुठेतरी आहे.

हे 'व साथी' माझ्या फार ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकात मी पुण्यात एका स्टुडिओत रेकॉर्डिंगला मदतनीस होते. माढ्याकडचा एक हलगीवाला आला होता, पन्नाशीचा. एसीच्या गारठ्याने हलगीचं कातडं सैल पडायचं, म्हणून दर टेकच्या आधी तो मागच्या बोळात जायचा, रद्दी पेटवायचा आणि जाळावर हलगी शेकायचा. गोल गोल फिरवत, मधूनच बोटाने टिचकी मारत. टिचकीला हवा तसा खणखणीत आवाज आला की धावत आत. ती ऊब उतरायच्या आत गाणं वाजवून झालं पाहिजे. दिवसभरात आठ गाणी झाली, आठ वेळा त्याने जाळ केला. संध्याकाळी कंपनीच्या माणसाने त्याच्या हातात पाकीट दिलं आणि एका छापील कागदावर सही घेतली. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. ती कॅसेट पुढे गावोगावच्या जत्रांत भरपूर खपली. दोन वर्षांनी तो पुन्हा आला, अजून काही मिळेल का विचारायला. माझ्याशिवाय कुणी ओळखीचं नव्हतं म्हणून मी त्याच्याबरोबर कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने कपाटातून कॅसेट काढली, कव्हर उलगडलं आणि म्हणाला, "यात तुमचं नाव कुठंय ते दाखवा." मी शेजारीच उभी होते. वाजवताना याला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एवढं एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही. ते अजून सलतं.

म्हणून तुझं पत्र वाचल्यावर पहिला विचार हाच आला की या ७५ हजारांतला एक पैसा तरी तुझ्या कॅसेटवरच्या हलगीवाल्याकडे जाणार आहे का? नोटीस वाचून तरी तसं दिसत नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचा वेगळा हक्क त्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ साली तो भक्कम झाला. आपलं नाव लावून घेण्याचा आणि व्यापारी वापरातून रॉयल्टी मागण्याचा हक्क आज हलगीवाल्यालाही आहे, आणि तो ५० वर्षं टिकतो. तुझी कॅसेट मात्र १९९४ च्या आधीची दिसते, कव्हरवर किंमत १८ रुपये छापलीय. म्हणजे तिच्यावरच्या हलगीवाल्याच्या हातात कायद्याने फारसं काही पडत नाही. तुझ्या हातात बरंच आहे, त्याकडे मी नंतर येते.

अमेरिकेतही हेच झालंय, आणि ते तुला माहीत असायलाच हवं, कारण बीट बनवणारा प्रत्येक मुलगा कधी ना कधी तिथला एक तुकडा वापरतो. 'द विन्स्टन्स' नावाच्या बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमरने सहा-सात सेकंदांचा एकट्याचा तुकडा वाजवला. 'आमेन ब्रेक' म्हणून तू तो ऐकला असशील. हजारो गाण्यांत तो कापून लावला गेला, लंडनमध्ये त्याच्यावर संगीताचे प्रकारच्या प्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातलं काही मिळालं नाही. २००६ साली तो हलाखीत गेला. २०१५ मध्ये काही रसिकांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले आणि बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. ड्रमर ते बघायला नव्हता.

आता तुझ्या प्रश्नातली खरी गाठ : ते चार सेकंद कायद्याने कुणाचे? आपण 'गाणं' म्हणतो त्यात एकावर एक तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात, आणि तिन्हींची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपते.

आपल्या गावातलंच उदाहरण घे. शाहीर राम जोशी सोलापूरचे, पेशवाईच्या अखेरीचे. त्यांच्या लावण्यांच्या शब्दांवर आज कुणाचाही कॉपीराइट नाही. तू उद्या त्या खुशाल गाऊन घे, कुणाला विचारायची गरज नाही. पुढे १९४७ साली त्यांच्यावर 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट आला. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९४७ चं ध्वनिमुद्रण २००७ सालअखेर मोकळं झालं. आता तुला वाटेल, शब्द मोकळे, मुद्रण मोकळं, मग घ्यावं कापायला. थांब. त्या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई १९७५ च्या डिसेंबरात गेले. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३५ सालअखेरपर्यंत. शब्द दोनशे वर्षांपूर्वीचे, मुद्रण मोकळं, आणि चाल अजून बांधलेली. एकाच गाण्यात.

तुझ्या कॅसेटचं गणित उलटं आहे. कव्हरवर 'पारंपरिक' लिहिलंय ते खरं असेल तर शब्द आणि चाल दोन्ही मोकळी. बांधलेलं आहे ते फक्त मुद्रण. आणि तू नेमकं मुद्रणच उचललंस. ती कॅसेट समजा १९८५ ची असेल, तर २०४५ सालअखेरपर्यंत त्या टेपवरच्या आवाजाला मालक आहे. वर्ष नक्की करायला खुद्द कॅसेटवरचं लेबल भिंगाखाली बघ. १९८४ पासून कंपनीचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापायची सक्ती आहे. लहान कंपन्या कव्हरवर ते पाळायच्या नाहीत, पण कधीकधी लेबलच्या कडेला सापडतं.

कंपनी बंद पडली म्हणून हक्क मेला असं होत नाही. दुकानाला कुलूप लागलं म्हणून जागेचा सातबारा कोरा होतो का? तो भागीदारांकडे जातो, वारसांकडे जातो, नाहीतर कुणीतरी अख्खा कॅटलॉग विकत घेतलेला असतो. ते शोधावं लागतं.

आणि तुझ्या मित्राला प्रेमाने सांग की सात सेकंदांचा नियम नाही. पाचाचा नाही, तीसाचाही नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत : स्वतःपुरता वापर, समीक्षा, बातमी वगैरे. सेकंद मोजून सूट कुठेच दिलेली नाही. अमेरिकेत २००५ साली एका अपील कोर्टाने सरळ सांगितलं होतं की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका, म्हणजे दुसऱ्याच्या मुद्रणातला तुकडा उचलू नका. २०१६ साली तिथल्याच दुसऱ्या कोर्टाने पाव सेकंदाहून लहान तुकडा इतका क्षुल्लक मानला की दावा फेटाळला. तिथेही एकवाक्यता नाही. शिवाय तुझे चार सेकंद क्षुल्लक नाहीत. ते काढले तर तुझ्या ट्रॅकमध्ये काय उरतं, ते तूच ऐकून बघ.

मंडळांच्या पोरांची मात्र काळजी सोड. धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला त्याच कलमात सूट आहे. ती वाजवण्यापुरती आहे. मुद्रण कापून नवा ट्रॅक काढायला ती उपयोगी पडत नाही.

आता ती नोटीस. तिच्यात कंपनीचं नाव आहे, पण कॅसेटवरची कंपनी ती नव्हे. गाण्याचं नाव नाही. हक्क यांच्याकडे कसा आला, याबद्दल अक्षर नाही. सही नाही, वकिलाचं नाव नाही. यूपीआय नंबर मात्र आहे.

इथे तुला एक खटला सांगते, कारण तो आपल्याकडच्या गाण्याचा आहे. १९६९ च्या 'आराधना'तल्या एका गाण्याचा जेमतेम एक सेकंदाचा तुकडा अमेरिकेतल्या टिंबलँड या निर्मात्याने वापरला, म्हणून सारेगामा कंपनीने तिथे दावा लावला. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी, एचएमव्हीवाली. इतकी मोठी कंपनी, इतकं प्रसिद्ध गाणं. २०११ साली अपील कोर्टात ती हरली. का? कोर्टाने १९६७ चा मूळ करारनामा काढून वाचला. त्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे दोनच वर्षं राहील असं निघालं. तुकडा एक सेकंदाचा की दहा, याची वेळच आली नाही. ज्या कंपनीकडे सगळी कागदपत्रं होती तिचा दावा कागदावर पडला. मग तुझ्याकडे व्हॉट्सॲपवर पैसे मागणाऱ्याला कागद मागायला तू का घाबरावं?

उत्तर असं लिही. भाषा नम्र ठेव, आणि चूक कबूल किंवा नाकबूल काहीच करू नकोस : "आपला संदेश मिळाला. संबंधित ट्रॅक मी सध्या बंद ठेवला आहे. आपण कोणत्या ध्वनिमुद्रणाबद्दल लिहीत आहात त्याचं नाव, प्रकाशनाचं वर्ष, कॅसेट क्रमांक, मूळ कंपनीकडून आपल्या कंपनीकडे हक्क आल्याचा सहीचा लेखी करार आणि तिच्या वतीने मागणी करण्याचं आपलं अधिकारपत्र पाठवावं. कागद मिळाल्यावर मी वकिलांमार्फत उत्तर देईन." एवढंच. फोन आला तर उचलू नकोस, लेखीच कळवा असा मेसेज टाक. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं असल्याशिवाय कायद्यात चालत नाही, त्यामुळे खरा मालक असेल तर त्याला हे कागद देणं जड जाणार नाही. कायद्यात कलम ६० ही आहे. विनाआधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध आपणच कोर्टात जाऊन त्या थांबवून मागू शकतो.

पोलिसांची भीती अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही, तुला अंधारात ठेवायचं नाही. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलंय. म्हणूनच खरा मालक दारात आला तर त्याच्याशी नीट बोलायचं आणि तडजोड करायची. त्याआधी एकदा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन ये. उत्पन्नाच्या अटीत बसत असशील तर वकील मोफत मिळतो. सोबत नोटिशीची प्रिंट, कॅसेट आणि तुझ्या उत्तराची प्रत ने.

क्लेमची गोष्ट वेगळी, आणि ती वाचून मला वाईट वाटलं. तुझ्या स्क्रीनशॉटवर ज्या गाण्याशी जुळणी दाखवलीय ते गाणं तुझ्या कॅसेटमधलं नाहीच. ते दुसऱ्या एका डीजेच्या मिक्सचं नाव आहे. म्हणजे त्यानेही हीच हलगी उचलली, ट्रॅक बनवला, तो डिस्ट्रिब्यूटरकडून यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत, घातला, आणि आता ती हलगी जिथे जिथे वाजेल तिथे तिथे यंत्र त्याच्या नावाने क्लेम लावत सुटलंय. दुसऱ्याचं सॅम्पल असलेली फाइल कंटेंट आयडीत घालायला यूट्यूबचीच मनाई आहे. तरी ती घातली जाते, कारण यंत्र आवाज जुळवतं, मालकीचा कागद वाचत नाही.

मग डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकू का, असं विचारशील. आत्ता नको. डिस्प्यूटमध्ये कारण द्यावं लागतं : हा आवाज माझा आहे, किंवा माझ्याकडे परवाना आहे, किंवा माझा वापर कायद्याच्या सवलतीत बसतो, किंवा त्याची मुदत संपलेली आहे. यातलं एकही आज तुला खरेपणाने म्हणता येत नाही. समोरच्याचा हक्क खोटा आहे म्हणून तुझा खरा ठरत नाही. क्लेमने पैसे जातात, चॅनेलला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो स्ट्राइकने, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून व्हिडिओच काढला गेला की येणाऱ्या ताकिदीने, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जातं. त्या वाटेला जाऊ नकोस. यूट्यूबला वेगळं कळव, की या फाइलमध्ये दुसऱ्याच्या कॅसेटचा आवाज आहे.

आता तुझ्या हातात काय आहे ते. ही हलगी नव्याने वाजवून घे. शब्द आणि चाल पारंपरिक असतील तर नव्याने गाऊन-वाजवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि जे मुद्रण होईल ते तुझं असेल. पण मी असते तर कुठल्याही हलगीवाल्याला बोलावण्याआधी त्या कॅसेटवरच्या माणसाचा शोध घेतला असता. ढोलकीवाल्याचं नाव कव्हरवर आहे, तिथून सुरुवात कर. मोडनिंबच्या लावणीच्या कला केंद्रांत जुनी माणसं आहेत, त्यांना कव्हरचा फोटो दाखव आणि ते चार सेकंद ऐकव. हलगीवाले एकमेकांचा हात ऐकून ओळखतात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही विचार. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचे अर्ज तिथून जातात, त्यामुळे कुठल्या तालुक्यात कोण वाजवणारा आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं. यादी देणार नाहीत, पण निरोप नक्की पोचवतील. गायिकाबाई हयात असतील तर त्यांनाही गाठ. तुझ्या ट्रॅकवर पोरं लेझीम खेळली, हे त्यांना तुझ्या तोंडून कळू दे.

तो माणूस सापडला आणि अजून वाजवत असेल तर त्यालाच बोलाव. नसेल वाजवत, तर त्याचा मुलगा, पुतण्या, शिष्य कुणीतरी असेल. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या ही हलगी सांभाळली त्याला या वाद्याने पैसा कमी आणि नाव त्याहून कमी दिलंय. पैशाचं वाजवायच्या आधी बोल, नंतर नको. मग एका कागदावर करार : कोणतं वाजवणं, किती रक्कम, ट्रॅकच्या कमाईत किती वाटा, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो, म्हणून दोन्ही लिहायचं. मराठीत लिही, मोठ्याने वाचून दाखव, एक प्रत त्याला दे. हे वाचून दाखवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, का ते तुला आता माहीत आहे.

जुनाच तुकडा तसाच हवा असेल, त्या टेपचा खरखराट आणि त्या बाईंचा तोच आवाज हवा असेल, तर मुद्रणाचा मालक शोधून लेखी परवाना घ्यावा लागेल. तेही करता येतं, वेळ जातो. नावाचं मोल मात्र तिथेही विसरू नकोस. २००२ साली एका अमेरिकन गाण्यात लता मंगेशकरांनी गायलेल्या १९८१ च्या एका हिंदी चित्रपटगीताचा मोठा तुकडा न विचारता वापरला होता. बप्पी लाहिरी कोर्टात गेले, आणि त्यांच्या नावाचा उल्लेख केल्याशिवाय सीडी विकायची नाही असा मनाई हुकूम लॉस एंजेलिसच्या कोर्टाने दिला. श्रेय नाही तर विक्री नाही, इथवर ती गोष्ट गेली होती.

राहिला तुझी बीट ढापणारा डीजे. तुझा राग मला समजतो. पण ज्या ट्रॅकमध्ये दुसऱ्याचं मुद्रण आहे त्याच्यावर दावा सांगायला आज तुझी बाजू लंगडी आहे. जे भाग सर्वस्वी तुझे आहेत, बास, सिंथ, पर्कशनचे पॅटर्न, त्यांच्या प्रोजेक्ट फाइल तारखांसकट एका वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेव. नोंदणीशिवायही कॉपीराइट असतोच, पण पुरावा म्हणून नोंदणी कामाची. ध्वनिमुद्रणासाठी फी २,००० रुपये, संगीतरचनेसाठी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन होतो. नवी हलगी लागली, करार झाला, की तो ट्रॅक नोंदव आणि मग त्या डीजेला लेखी विचार. लहान माणसाचं कोण ऐकणार असं मनात आणू नकोस. २००८ साली राम संपत या संगीतकाराने जाहिरातीसाठी केलेली आपली धून 'क्रेझी ४' या मोठ्या चित्रपटाच्या गाण्यांत वापरली गेली म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर होता. कोर्टाने ती गाणी काढल्याशिवाय प्रदर्शनाला मनाई केली आणि निर्मात्यांनी दोन कोटी देऊन प्रकरण मिटवलं.

नवा ट्रॅक टाकशील तेव्हा माहितीच्या पहिल्या ओळीत हलगीवाल्याचं पूर्ण नाव आणि गाव लिही, तुझं त्याच्या खाली. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी घरात आठवडाभराची रद्दी जमवून ठेव, काडेपेटी ठेव, गच्चीची किल्ली आधीच मागून घे. त्याला मध्ये मध्ये हलगी शेकायला जावं लागेल.

– तुझी ताई